खिडकीतली मावशी आणि दोनशे एक्केचाळीस पाठ

कारखान्यात तिला सगळे चिठ्ठीमावशी म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. एकतीस वर्षं ती टूल स्टोअरच्या खिडकीत बसली. बाहेर कामगार, आत बाराशे खण, मध्ये हातभर रुंदीची फळी. कामगाराने आपला पितळी बिल्ला फळीवर ठेवायचा आणि हवं ते मागायचं. मावशीने ते काढून द्यायचं आणि बिल्ला त्या खणाच्या खिळ्याला अडकवायचा. सुट्टीच्या भोंग्याला खिळ्यावर बिल्ला उरला, तर त्या माणसाला गेटवरून परत बोलवायचं, मग तो कितीही कुरकुरो. एकतीस वर्षांत तिच्या स्टोअरमधून दोन ड्रिल आणि एक फीलर गेज हरवलं. ती तिन्ही तिला अजून तारखेसकट आठवतात.

चिठ्ठ्या हे तिचं खास काम. प्रत्येक खणावर जाड पुठ्ठ्याची चिठ्ठी, ठसठशीत अक्षर, वर कंपनीचा नंबर आणि खाली माप. पुठ्ठा तेलकट झाला की बदलायचा. अक्षर पुसट व्हायची वाट बघत बसणं म्हणजे कामचुकारपणा, असं तिचं मत.

नोकरीच्या आठव्या वर्षी कंपनीने सगळे नंबर बदलले. वरून हुकूम आला की जुन्या चिठ्ठ्या राहू द्या, शेजारी नव्या लावा, लोकांना हळूहळू सवय होईल. तिने तसं केलं. तिसऱ्या आठवड्यात ती रजेवर असताना एकाने जुन्या नंबराने रीमर, म्हणजे भोक नेमक्या मापाचं करायचं टूल, मागितला. बदली कारकुनाने तोच नंबर नव्या चिठ्ठीवर शोधला आणि भलत्याच मापाचा रीमर दिला. बेअरिंगची चाळीस घरं भंगारात गेली. मेमो मावशीला मिळाला, कारण अक्षर तिचं होतं. पुढच्या रविवारी ती ब्लेड घेऊन एकटी आली आणि जुन्या चिठ्ठ्या एकूण एक खरवडून काढल्या. बोटांना फोड आले. त्या दिवसापासून तिच्या स्टोअरचा एकच कायदा होता: एका खणाला एक चिठ्ठी. दुसरी दिसली की ब्लेड.

निवृत्त झाल्यावर ती पाच महिने घरी बसली. बसली म्हणजे काय, स्वयंपाकघरातल्या डब्यांना चिठ्ठ्या लावत सुटली.

"आई," सून म्हणाली, "मिठाच्या बरणीवर मीठ लिहिलंत, ठीक आहे. पण बरणी काचेची आहे. मीठ दिसतंय."

"दिसतंय ते मीठ की साखर?"

सुनेने बरणी उचलून पाहिली आणि गुपचूप खाली ठेवली.

सूनही यंत्रावरचीच. एका छोट्या वर्कशॉपमध्ये ती लेथवर होती, चकाच्या जबड्यांत धातूचा तुकडा, म्हणजे जॉब, धरून तो फिरवत कातायची, आणि वरच्या श्रेणीच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. तंत्रशिक्षण संस्थेने आपले पाठ ऑनलाइन टाकले होते, ते ती फोनवर पाहायची. एका संध्याकाळी तिने फोन टेबलावर आपटला.

"काय गं, फोनने काय घोडं मारलंय?"

"चकात जॉब डुलतोय, तो सरळ कसा लावायचा ते बघायचंय. तुमच्या मास्तरांनी करून दाखवलंय, आमच्यातल्या एकीने पाहिलाय तो पाठ. 'जॉब डुलतोय' टाकलं, शून्य. 'जॉब गोल फिरत नाही' टाकलं, शून्य. 'चकात जॉब सरळ लावणे', तरी शून्य!"

"मग तिलाच विचार."

"विचारलं. म्हणते, यादीत खाली खाली जा, एकशे बारावा आहे."

दोघींनी मिळून एकशे बारा गाठला. शीर्षक होतं, 'चतुर्जबडा चकावरील कार्यवस्तूचे केंद्रीकरण'. मावशीने ते दोनदा मनात वाचलं आणि तिसऱ्यांदा मोठ्याने.

"हे कोणी लिहिलं?"

"मला काय माहीत! असेल कोणी शिकलेलं."

"शिकलेल्याने चक बघितलाय का कधी?"

मास्तरांचं नाव निघालं म्हणून मावशीला राहवेना. मास्तर म्हणजे तिच्याच कारखान्यातले लेथचे शिक्षक. वीस वर्षं तिने त्यांना खिडकीतून टूल दिली होती. निवृत्तीनंतर ते संस्थेत शिकवायला लागले आणि दोन वर्षांपूर्वी कॅमेऱ्यासमोर उभं राहून त्यांनी लेथचे चौसष्ट पाठ करून दिले. त्यानंतर त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आता चहाचा कपसुद्धा ते डाव्या हाताने धरतात. ते पाठ पुन्हा होणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी मावशी तक्रार घेऊन संस्थेत गेली. दुसऱ्या मजल्यावर, कॉम्प्रेसरच्या खोलीला लागून एक चिंचोळी खोली होती. दोन संगणक, लोखंडी कपाट आणि खिडकीतून दिसणारं वर्कशॉपचं पत्र्याचं छप्पर. तिथे ग्रंथपाल बसायची. तिशीची मुलगी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, टेबलावर अर्धवट प्यालेले चहाचे तीन कप. तीनशे शहाऐंशी पाठांच्या नोंदी तिने एकटीने केल्या होत्या.

"चतुर्जबडा तुम्हीच का?" मावशीने दारातून विचारलं.

ग्रंथपाल आधी दचकली, मग हसली. "या, बसा. शब्द माझे नाहीत हो. सगळ्या संस्थांनी मिळून ठरवलेली यादी आहे, नऊशे संज्ञांची. एका गोष्टीला सगळीकडे एकच संज्ञा. मग इथला पाठ दुसऱ्या गावातल्या माणसालाही बरोबर सापडतो, आणि तिथला आपल्याला."

"एका गोष्टीला एकच चिठ्ठी," मावशी म्हणाली. "हे तुमचं पटलं. पण चिठ्ठीवर लिहिलंय ते वाचून कोणी खणाकडे फिरकणार नाही."

ग्रंथपालाने तिच्याकडे नीट पाहिलं. मग सगळी कहाणी सांगितली. संस्थेला ही साइट स्वतःच्या जोरावर चालवणं जमत नव्हतं. सगळ्या संस्थांचा एक सामायिक संग्रह होत होता. परीक्षा संपल्या की ठरलेल्या शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत पाठ त्यात द्यायचे होते. ज्यांच्या नोंदी नियमात बसतील तेच आत घेतले जाणार. बाकीचे साइटबरोबर बंद, एका डिस्कवर, कपाटात. आणि एकीकडे प्राचार्य विचारत होते की पाठ कोणी बघत का नाही.

"मला यंत्रांतलं कळत नाही, मावशी. मी शीर्षकं पाहून नोंदी केल्यात. तुम्ही पाठ बघून विद्यार्थ्यांना कळेल असं नाव द्याल? सकाळी दहा ते दोन या. प्राचार्यांशी मी बोलते."

मावशी सोमवारी पावणेदहाला हजर. ग्रंथपालाने तिला नोंदीचा तक्ता दाखवायला घेतला. तेरा रकाने होते: शीर्षक, विषय-संज्ञा, इतर नावे, पातळी, कालावधी, असे एकाखाली एक. ती तिसऱ्या रकान्यापर्यंत आली आणि खालून फोन आला. परीक्षेच्या हॉलवर माणूस कमी पडत होतं. "मी आलेच," म्हणून ती गेली, ती सहा आठवडे तिकडेच अडकली. मधून मधून दारात डोकवायची, "चाललंय ना?" म्हणायची. मावशी म्हणायची, "चाललंय."

आणि खरंच चाललं होतं. मावशी पाठ उघडायची, पहिली दोन मिनिटं पाहायची, मग उड्या मारत शेवटापर्यंत जायची. दोन बोटांनी टाइप करायची. शीर्षकात 'चार जबड्यांच्या चकात जॉब सरळ लावणे' लिहायची. विषय-संज्ञेच्या रकान्यात आधीच एक अवघड शब्द बसलेला असायचा. तो ती पुसायची आणि तिथे कामगाराचा शब्द लिहायची: 'जॉब डुलतोय'. रकाना उघडा होता, लिहाल ते घेत होता. 'इतर नावे' हा रकाना पाहून ती नुसती मान हलवायची. एकदा हात पोळला होता तिचा. हा रकाना तिने सगळीकडे रिकामा ठेवला.

सहा आठवड्यांत दोनशे एक्केचाळीस पाठ झाले. पाहणाऱ्यांची संख्या तिपटीने वाढली. सुनेने घरी जाहीर केलं की वर्कशॉपमध्ये सासूचं नाव निघायला लागलंय, आणि पहिल्यांदाच चांगल्या कारणासाठी. प्राचार्य स्वतः वर आले. मात्र पडद्यावर 'टूल किंचाळतंय' हे वाचून त्यांचा चेहरा पडला.

"हे संस्थेच्या नावाने बाहेर जाणार?"

"टूल किंचाळतंच, साहेब. खाली वर्कशॉपमध्ये जाऊन ऐका."

शेवटच्या आठवड्याच्या सोमवारी परीक्षा संपल्या. ग्रंथपाल परत आली आणि आल्या आल्या तिने तीनशे शहाऐंशी नोंदी चाचणीसाठी सामायिक संग्रहाकडे पाठवल्या. वीस मिनिटांत उत्तर आलं. एकशे पंचेचाळीस ठीक. दोनशे एक्केचाळीस परत. प्रत्येकापुढे एकच कारण: विषय-संज्ञा यादीत नाही.

ग्रंथपालाने एक नोंद उघडली. दुसरी उघडली. दहा उघडल्या. मग खुर्ची मागे सरकवून बसली.

"मावशी, इथल्या संज्ञा कुठे गेल्या?"

"पुसल्या."

"कोणी?"

"मी. हाताने, एकेक करून."

"का?"

"एका खणाला दोन चिठ्ठ्या नसतात."

ग्रंथपालाने कपाळावर हात मारला नाही की आवाज चढवला नाही, आणि मावशीला तेच जास्त लागलं. तिने फक्त विचारलं, जुनी प्रत कुठे मिळेल का. मग स्वतःच उत्तर दिलं की साइट आठ दिवसांपेक्षा जुनी प्रत ठेवत नाही. पहिल्या नोंदीला सहा आठवडे होऊन गेले होते.

परत आलेल्यांत मास्तरांचे चौसष्टच्या चौसष्ट होते. मावशीने सुरुवातच त्यांच्यापासून केली होती, सर्वांत काळजीपूर्वक.

"शनिवार पाच," ग्रंथपाल म्हणाली. "सहा दिवस. त्यात मला दुपारनंतर परीक्षेचे गठ्ठे आहेत." मग ती म्हणाली, "एक मार्ग आहे. यादीत 'यंत्रकाम' अशी एक मोठी संज्ञा आहे. सगळ्या दोनशे एक्केचाळीसांवर तीच टाकते. दहा मिनिटांचं काम. तपासणीत पास होतील."

मावशी म्हणाली, "आटे पाडायच्या पाठावर काय येईल?"

"यंत्रकाम."

"आणि पॉलिशच्या?"

"यंत्रकाम."

"म्हणजे बाराशे खण उपसून एका पोत्यात. तपासणारं यंत्र आहे, बाई, त्याला चालेल. शोधणारा माणूस आहे, त्याने काय पोत्यात हात घालून चाचपत बसायचं?"

"मग तुम्ही सांगा काय करू!" आता मात्र ग्रंथपालाचा आवाज फाटला. "सगळे बाहेर राहिले तर चालेल? मास्तरांचे कपाटात गेले तर?"

मावशी पडद्यावरचे मास्तरांचे नंबर एकेक करून वाचू लागली.

नेमके त्या वेळी मास्तर काठी टेकत आले. सोमवारी ते शिपायाकडून चहा मागवायला आणि सगळ्यांना नावं ठेवायला येत. दोघींचे चेहरे पाहून त्यांनी काय झालं ते काढून घेतलं. सगळं ऐकून झाल्यावर ते मावशीकडे वळले. ते तिला मावशी म्हणत नसत.

"काय गं चिठ्ठी, तुला काय वाटतं, आम्ही तुझ्या चिठ्ठ्या वाचत होतो?"

"म्हणजे?"

"वीस वर्षांत मी एकदा तरी नंबर सांगून टूल मागितलं का? 'तो लांब मानेचा पाना दे.' 'परवाचं ते किंचाळणारं टूल नको, दुसरं दे.' 'त्या आंधळ्या भोकाचा टॅप दे.' आणि तू द्यायचीस. नंबर लिहायचीस रजिस्टरमध्ये. आम्हाला काय तुझ्या नंबराशी देणंघेणं! तू रजेवर असलीस की अर्धा अर्धा तास खण उपसत बसायचो, आणि तुझ्या त्या बदली कारकुनाच्या नावाने शंख करायचो. चिठ्ठ्या तर त्या दिवशीही खणांवर होत्याच की."

कॉम्प्रेसर सुरू झाला, खिडकीच्या काचा थरथरल्या, बंद झाला. मग तिने संगणकाकडे बोट केलं.

"बाई, तो 'इतर नावे' रकाना. त्यात लिहिलेलं शोधताना सापडतं?"

"सापडतं. त्यासाठीच आहे तो."

"आणि बघणाऱ्याला दिसतं?"

"नाही. पडद्यावर फक्त शीर्षक. संज्ञा संग्रहासाठी, शीर्षक वाचणाऱ्यासाठी, इतर नावे मागणाऱ्यासाठी." ग्रंथपालाने खुर्ची पुढे ओढली. "हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. तिसऱ्या रकान्यावर उठून गेले मी."

"म्हणजे खण आहे, चिठ्ठी आहे आणि खिडकीत मीही आहे," मावशी स्वतःशीच म्हणाली, आणि तिला रीमर आठवला. तिथे दोन चिठ्ठ्या होत्या, दोन्ही कंपनीच्या, दोन्ही नंबरच. इथे तसं नव्हतं. इथे नंबर एकच होता आणि बाकी सगळं बोलणं होतं. सहा आठवडे ती खिडकीतल्या बोलण्याला खणावर चिकटवत होती आणि नंबर ब्लेडने काढत होती.

"यादी छापून द्या," ती म्हणाली. "नऊशेच्या नऊशे."

छापली तेव्हा एकतीस पानं झाली. पहिला दिवस त्यातच गेला, कारण न वाचता एकही संज्ञा लावायला ती तयार नव्हती. संध्याकाळपर्यंत अकरा पाठ झाले. ती पानं घेऊन घरी गेली. जेवणानंतर सून एकेक संज्ञा वाचायची आणि मावशी सांगायची ती कोणत्या कामाची. अडलं की दोघी मिळून डोकं खाजवायच्या.

"'यंत्रण-कंपन'," सुनेने वाचलं.

"टूल किंचाळतंय ते."

"'अंतर्गत आटे-कर्तन'."

"नटाला आतून आटे."

"'पृष्ठीय खडबडीतपणा'. आई, हे तुमच्या मुलाच्या दाढीसाठी चालेल."

मुलगा पलीकडून म्हणाला, "ऐकू येतंय मला."

यादी वाईट नव्हती, हे मावशीला दुसऱ्या दिवशी कळलं. कोणीतरी मन लावून केली होती. जिथे कामगार एकाच शब्दात तीन वेगळी कामं उरकून टाकतो, तिथे यादी तीन खण करत होती. शब्द जड होते, पण खण बरोबर होते. हे तिने ग्रंथपालाला तोंडावर सांगितलं. चुकलं ते चुकलं म्हणायला तिला कधी जड गेलं नव्हतं.

दुसरी गोष्टही तिने तशीच सांगितली. मास्तरांच्या बऱ्याच पाठांवर पातळीच्या रकान्यात 'प्रारंभिक' होतं, कारण शीर्षकात 'ओळख' हा शब्द होता.

"हे बघा. डायल लावून चार जबडे केंद्रात आणणं. हे प्रारंभिक? माझी सून सहा वर्षं लेथवर आहे, तिचं अजून घोडं अडतं. नवा माणूस हा पाठ उघडेल, त्याला वाटेल आपण ढ आहोत, आणि तो पुन्हा येणार नाही."

"बदला," ग्रंथपाल म्हणाली. "मी कशाला अडवू! मला तर डायल म्हटलं की घड्याळ दिसतं."

मंगळवारी बत्तीस झाले, बुधवारी एक्केचाळीस. मावशी आता नऊला येऊन सहाला जात होती. एका पाठाला नऊ मिनिटं: दोन मिनिटं पाठ, तीन मिनिटं यादी, बाकी टायपिंग. खाली 'इतर नावे'मध्ये ती कामगार मागतील तसं लिहायची. 'जॉब डुलतोय, जॉब वाकडा फिरतो, चकात जॉब सरळ लावणे, डायलने सेटिंग.' आता मागणाऱ्याने कुठूनही यावं. ग्रंथपाल सकाळी दोन तास शेजारी बसून कालावधी आणि बाकीचे रकाने तपासायची. मास्तर रोज येऊ लागले आणि आपला प्रत्येक पाठ पाहताना स्वतःच्याच चुका काढू लागले.

"तिथे टूलची उंची कमी होती. दिसतंय?"

"मास्तर, मी संज्ञा शोधतेय."

"शोध गं. पण उंची कमी होती हे खरं."

प्राचार्यही एकदा येऊन गेले. 'टूल किंचाळतंय' शीर्षकातून हलून आत गेलंय आणि पडद्यावर 'काम करताना टूलचा आवाज व थरथर' असं दिसतंय, हे पाहून त्यांना बरं वाटलं. आतला शब्द कोणी उघडून दाखवला नाही, आणि त्यांनीही विचारला नाही.

गुरुवारी सेहेचाळीस. शुक्रवारी सत्तेचाळीस. शुक्रवारी संध्याकाळी मावशीचं उजवं मनगट सुजलं. सुनेने पट्टी बांधली आणि म्हणाली, "उद्या मी येते टाइप करायला. रजा टाकते."

"परीक्षा तोंडावर आहे तुझी. रजा त्यासाठी ठेव."

"पाठ बंद पडले तर अभ्यास कशाचा करू?"

मावशीने वाद घातला नाही. शनिवारी सून टाइप करत होती, मावशी पाहत होती आणि सांगत होती. टायपिंग भरभर होत होतं, तरी पाठाला नऊच मिनिटं लागत होती, कारण मावशी आता वाचलेला वेळ यादीत घालवत होती. ग्रंथपालाने दोनदा घड्याळाकडे पाहिलं. चार वाजता मावशीने मोजलं. आजचे सत्तेचाळीस, एकूण दोनशे चोवीस.

"सतरा राहिले," ती म्हणाली.

"पाठवायला अर्धा तास लागतो," ग्रंथपाल म्हणाली. "मध्ये काही अडलं तर आणखी. आता थांबायला हवं."

"तीन-चार अजून होतील."

"आणि तेरा-चौदा बाहेर राहतील. मावशी, त्यातले पाच मास्तरांचे आहेत."

मास्तर कोपऱ्यात खुर्चीवर होते. ते म्हणाले, "माझ्याकडे बघू नका. पाच गेले तर पाच गेले." पण त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

मावशीने बांधलेलं मनगट दुसऱ्या हाताने चोळलं. पाठ न पाहता चिठ्ठी लावणं तिने आयुष्यात केलं नव्हतं. पण हे पाठ ती एकदा पाहून बसली होती, त्यांना मागायचे शब्द तिच्याकडे होते. राहिली होती ती नेमकी संज्ञा, आणि ती शोधायला वेळ नव्हता. बंद कपाटातल्या पाठाला नेमकी संज्ञा असून उपयोग नव्हता.

"'यंत्रकाम' टाक," ती सुनेला म्हणाली. "सतराही. पण इतर नावे मी सांगते ती लिही. दोन-दोन शब्द तरी. ती नसली तर पोतं आहे नुसतं."

सुनेने वीस मिनिटांत सतरा उरकले. मावशी डोळे मिटून सांगत होती आणि एकदाही अडखळली नाही. मग तिने पुठ्ठ्याच्या तुकड्यावर सतरा नंबर लिहिले आणि तो ग्रंथपालापुढे ठेवला.

"हे माझ्या अंगावर. कोणी विचारलं तर सांगा, हे सतरा अर्धवट आहेत आणि कोणी केलेत."

"कोणी विचारणार नाही, मावशी. यंत्र पास करेल."

"म्हणूनच लिहून देतेय."

चार वाजून पंचवीस मिनिटांनी ग्रंथपालाने नोंदी पाठवल्या. सगळे पडद्याकडे पाहत बसले. सुनेने चहा आणला, तो निवला. पाचला सहा मिनिटं असताना उत्तर आलं. तीनशे शहाऐंशी पाठवले, तीनशे शहाऐंशी घेतले. ग्रंथपालाने ते मोठ्याने वाचलं, मग पुन्हा वाचलं, आणि टेबलावर डोकं टेकवून तशीच राहिली.

मास्तर काठी घेऊन उठले. दारात थांबून म्हणाले, "आता त्या लोकांना माझी टूलची उंची दिसणार."

"दिसू दे," मावशी म्हणाली. "पातळीत मी 'प्रगत' लिहिलंय. नवखे तिकडे फिरकणार नाहीत."

मास्तर हसले तेव्हा त्यांना खोकला आला आणि सुनेने त्यांना जिन्यापर्यंत सोडलं.

ग्रंथपाल म्हणाली, "आता आठ दिवस येऊ नका, मावशी. मनगट बरं होऊ द्या."

सोमवारी नऊला मावशी आली. खोली बंद होती. ती जिन्यात बसून राहिली. ग्रंथपाल आली, तिने कुलूप काढलं आणि स्वतःच्या कामाला लागली. मावशीने पुठ्ठा समोर ठेवला आणि पहिला नंबर उघडला. एकशे चौऱ्याण्णव, कापलेल्या पत्र्याची धार कानशीने मोडणे. मावशीने पाठ पुन्हा पाहिला, या वेळी पूर्ण. यादी पहिल्या पानापासून चाळत ती सोळाव्या पानावर थांबली. 'यंत्रकाम' पुसलं, नेमकी संज्ञा लिहिली आणि 'इतर नावे'मध्ये आणखी तीन शब्द वाढवले. डाव्या हाताने टाइप केल्यामुळे चौदा मिनिटं लागली.

पुठ्ठ्यावरच्या पहिल्या नंबरावर तिने रेघ मारली. उरले सोळा.